जे जिवंत परतले, त्यांचे कागद कुठे आहेत?

प्रति,
सैनिकी अभिलेख ज्यांच्या ताब्यात आहेत, असे केंद्र व राज्य शासनाचे सर्व संबंधित अधिकारी

विषय : पहिल्या महायुद्धातील मराठी शिपायांच्या सेवानोंदी शोधणे, जपणे आणि लोकांसाठी खुल्या करणे

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

माझ्या पणजोबांची सेवानोंद मागणाऱ्या अर्जावर मध्यंतरी आपल्यापैकी एका कार्यालयाकडून मला दोन ओळींचे उत्तर आले. ‘आपण मागणी केलेले अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ कागद नष्ट केले, दुसरीकडे पाठवले, की कधी आलेच नव्हते, यातले काहीही त्यात नाही. खाली सही आहे, ती कुणाची ते वाचता येत नाही. त्या उत्तराला मी हे उत्तर लिहिते आहे, आणि ते चारचौघांत लिहिते आहे, कारण रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या पट्ट्यात असे निकाली निघालेले अर्ज बाळगून असलेली घरे पुष्कळ आहेत.

माझे माहेर खेड तालुक्यातले. माझे पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघेही ११७ व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पगार महिना अकरा रुपये. पुणे डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. तिथून इंग्रज जनरल टाउनशेंडची फौज मागे हटत कुत-अल-अमाराला आली आणि डिसेंबरात तुर्कांनी तिला वेढले. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नच उरले नाही म्हणून फौजेने शस्त्रे खाली ठेवली. लढणारे शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले मिळून सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. पानिपत आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कुत म्हटले की पदवीधरसुद्धा ‘काय?’ म्हणून विचारतात.

थोरले भाऊ परत आले नाहीत. पणजोबा आले.

आता पुढचे नीट वाचावे, कारण माझी सगळी तक्रार याच्यातच आहे. थोरल्या भावांना शोधायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण घातली. दोनचार स्पेलिंगे बदलून पाहिली आणि नोंद समोर आली : नंबर, हुद्दा, मृत्यूची तारीख, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा. इराकमधल्या बसरा स्मारकाच्या यादीतली नोंद. घरबसल्या, फुकट, कोणताही दाखला न जोडता. पणजोबांचे मात्र काहीच नाही. मेलेला भाऊ सापडला आणि जिवंत परतलेला भाऊ सरकारदरबारी जन्मलाच नाही, अशी आज स्थिती आहे.

हे असे का, तेही मी शोधले. ते कमिशन मृतांची नोंद ठेवण्यासाठीच स्थापन झाले आहे, जिवंतांशी त्याचा संबंध नाही. हिंदी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फायली लंडनला आहेत, ब्रिटिश लायब्ररीत त्या पाहता येतात. हिंदी शिपायाचा शीट रोल (म्हणजे एकेकाच्या नोकरीचा कागद), पलटणीचा लाँग रोल (म्हणजे भरती झालेल्यांची यादी), डिस्चार्जची नोंद, पेन्शनचा कागद, हे सगळे मात्र पलटणीच्या डेपोत राहिले आणि १९४७ ला पलटणींबरोबरच वाटणीत इकडे किंवा तिकडे गेले. मराठ्यांच्या पलटणी इकडे राहिल्या. म्हणजे पणजोबांचे कागद लंडनच्या कपाटात नाहीत. ते तुमच्याकडे आहेत, किंवा तुमच्याकडे होते.

‘शंभर वर्षांनी हे कशाला?’ असे मला एका खिडकीवर विचारण्यात आले. प्रश्न उद्धट नव्हता, खरोखरच कुतूहलाने विचारला होता, म्हणून त्याचे उत्तर देते. पणजोबांना पेन्शन मिळाली नाही. का नाही, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. भाऊ तिकडे गेला आणि हा कसा सुखरूप आला, यावर गावात बोलले गेले. शरण जाण्याच्या आधीच हा पळाला असेल, तुर्कांच्या बाजूला गेला असेल, भावाला टाकून आला असेल. थोरल्या भावांच्या विधवेने हे सगळे ऐकले आणि ती शेवटपर्यंत धाकट्या दिराशी बोलली नाही. त्यांच्या आणि आमच्या घरात आजही लग्नाची अक्षत जाते, पण माणसे जेवायला थांबत नाहीत. ‘कैदेतून सुटून अमुक तारखेला परत, अमुक कारणाने डिस्चार्ज’ एवढी एक ओळ मिळाली असती तर हे मिटले असते. ती ओळ कुठल्यातरी कारकुनाने तेव्हा नक्की लिहिली होती. फौजेत माणूस सोडताना कागद केल्याशिवाय सोडत नाहीत.

आमच्याकडे पुरावा म्हणून उरला आहे तो काशाचा एक तारा. पदके तीन असणार. त्यातले चांदीचे आत्याच्या लग्नात सोनाराकडे गेले, त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. १९१४-१५ चा तारा राहिला, कारण त्याला मोडीत भाव नव्हता. त्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे. हा तारा डिसेंबर १९१५ संपण्यापूर्वी रणांगणावर पोहोचलेल्यालाच मिळत असे. म्हणजे पणजोबा १९१५ सालीच लढाईच्या मुलखात पोहोचले होते, हे तरी पक्के झाले.

दुसरा पुरावा तोंडी आहे. पणजोबा लढाईबद्दल बोलत नसत, पण नातवंडांना मांडीवर घेऊन एक म्हणत : ‘शमरान, बगदाद, समारा, तिकरीत, मुसल, रासलैन.’ पोरांना ते खेळातले बोल वाटायचे. माझे वडील आणि काका त्यावर राज्य कुणावर ते ठरवायचे. पुढे मी नकाशा काढून बसले. कुतच्या कैद्यांना आधी नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या छावणीत नेले, तिथून बगदाद, बगदादहून समारापर्यंत आगगाडी, आणि समारापासून तिक्रीत, मोसूल करत रास-अल-ऐनपर्यंत पायी. रास-अल-ऐनला त्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. क्रम तोच, गावे तीच. इराकचा नकाशा ज्याने जन्मात पाहिला नाही, तो माणूस हा रस्ता चालल्याशिवाय असा पाठ म्हणणार नाही. माझी खात्री पटली. पण भाऊबंदांना दाखवायला पणजोबांनी म्हटलेले बोल चालत नाहीत, शिक्का मारलेला कागद लागतो. आणि तो तुमच्याकडे अडला आहे.

आता तक्रारी.

‘उपलब्ध नाहीत’ हे उत्तरच नव्हे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि नोंद व तपासणी केल्याशिवाय सरकारी कागद नष्ट करता येत नाही. नष्ट केला असेल तर कधी, कुणाच्या हुकमाने, ते दाखवणारी यादी हवी. १९९३ च्या आधीच कागद गेले असतील तर तसे लिहावे. वाळवीने खाल्ले असतील, पुरात भिजले असतील, रद्दीत गेले असतील, तर तेही लिहावे. मी भांडायला येणार नाही. लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बफेकीत पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांचे बहुसंख्य कागद जळाले. जे वाचले ते जळक्या कडांसकट लोकांना पाहायला खुले आहेत, आणि जे गेले ते गेले असे स्पष्ट सांगितले आहे. तिथला माणूस निदान शोधणे थांबवू शकतो. आम्हाला तीही मोकळीक नाही.

वारस दाखल्याची अट. तारा, नंबर, पलटण, गाव, सगळे देऊन केलेल्या अर्जावर मला ‘कायदेशीर वारस असल्याचा दाखला’ मागण्यात आला. पणजोबांचे निधन ज्या काळात झाले, त्या काळातल्या मृत्यूची नोंद गावात सापडत नाही. मृत्यूची नोंद नाही म्हणून वारस दाखला नाही, वारस दाखला नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून माणूस होता हे सिद्ध होत नाही. त्यात मी मुलीची मुलगी नव्हे, मुलाच्या मुलाची मुलगी, तरी लग्नामुळे आडनाव बदललेले. आडनाव वेगळे का, हे समजावण्यातच एक सकाळ गेली. मी जमीन मागत नाही, पेन्शनची थकबाकी मागत नाही. मग वारसाचा प्रश्न येतो कुठून? दुसऱ्या एका ठिकाणी ‘ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे’ असे कळवले. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८ च्या पोटकलम ३ प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद असे काही अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. १९१६ ला किती वर्षे झाली ते आपण मोजावे.

पलटणींचे बदललेले नंबर. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिल्याच पायरीवर अडतो, आणि ते सांगणारा कागद एकाही खिडकीवर लावलेला नाही. १९२२ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी रॉयल, आणि ११४ ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन होऊन ती बेळगावला राहिली. त्यातली तिसरी पुढे स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. म्हणजे ११० मधल्या शिपायाच्या पणतवाने मराठा रेजिमेंटकडे विचारायचे की छत्रीवाल्यांकडे? आणि या पलटणींत केवळ मराठे नव्हते, दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यांच्या घरचे लोक तर ‘मराठा’ नाव वाचूनच परत फिरत असतील.

याहून वाईट अवस्था महारांची. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांची भरती बंद केली, महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. मधल्या त्या चार वर्षांच्या पलटणीचा वारस कोणता डेपो? ज्यांच्या घरांना जमिनीचा कागद नाही, वतनाशिवाय दुसरी नोंद नाही, त्यांच्यासाठी पणजोबांचा शीट रोल ही घरातली पहिली स्वतंत्र ओळख ठरेल. मला जे एका भावाबद्दल वाटते, ते इथे एका अख्ख्या समाजाबद्दल आहे. या पलटणीच्या नोंदी कुठे आहेत, एवढे एक जरी आपण या पत्राच्या निमित्ताने जाहीर केले तरी मी माझा अर्ज मागे ठेवायला तयार आहे.

‘ते इंग्रजांची नोकरी करत होते.’ हेही ऐकून झाले. करत होते. पण त्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात होता, आणि त्यावर १९१७ मध्ये हिंदुस्थानने दहा कोटी पौंडांची भर युद्धखर्चाला घातली ती वेगळीच. गावात नापिकी आणि सावकार, म्हणून पोरे पलटणीत गेली. त्यांना देशभक्त म्हणा, असा माझा आग्रह नाही. पुतळा नको, चौकाला नाव नको, १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ तर अजिबात नको. ज्या सरकारला इंग्रजांच्या काळातला सातबारा चालतो, त्याने इंग्रजांच्या काळातल्या शिपायाचा कागद परका मानू नये.

गावच्या पाट्यांबद्दल थोडक्यात. ‘या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, पैकी इतकी कामास आली’ अशा मजकुराच्या संगमरवरी पाट्या कोकणात आणि देशावर कितीतरी गावांत चावडीला, शाळेला, देवळाला लावलेल्या आहेत. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाने आपला स्तंभ जपला, त्या गावचे ४६ जण त्या युद्धात कामास आले. आमच्या गावच्या पाटीवर शाळा रंगवताना ऑइलपेंट बसला. नावे तीवर नव्हतीच, आता आकडेही गेले.

मृतांच्या बाबतीत तरी सगळे आलबेल होते असे नाही. बसरा स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे, पण भिंतीवर नावे कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचे, पलटणीच्या नावाखाली, नुसते आकडे. माझ्या पणजोबांचे भाऊ त्या भिंतीवर एका संख्येतला एक आहेत. याची चौकशी वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच केली. एप्रिल २०२१ च्या अहवालात किमान १,१६,००० मृतांना, मुख्यतः आफ्रिकी, हिंदी आणि इजिप्शियन, नावानिशी स्मरणाचा हक्क मिळाला नाही, असे मान्य केले आणि माफी मागितली. माफीने काय होते, असे कुणी म्हणेल. पण त्यांनी आधी मोजले, मग माफी मागितली. आपण अजून मोजायलाच घेतलेले नाही.

आणि हे जमत नाही, असेही नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबमधल्या गावोगावच्या शिपायांची युद्धानंतर केलेली रजिस्टरे जवळजवळ शतकभर पडून होती. सुमारे २६,००० पाने, ३,२०,००० माणसे. इंग्लंडमधल्या पंजाबी मंडळींनी आणि ग्रीनिच विद्यापीठाने ती स्कॅन करून २०२१ पासून नेटवर आणायला सुरुवात केली. त्या रजिस्टरांत मेलेल्यांबरोबर परतलेलेही आहेत, मला त्याचे मोल यासाठीच वाटते. दोन देशांत एवढे वैर असताना जालंधरच्या आणि लुधियान्याच्या घरांना आपला आजा लाहोरच्या वहीत सापडतो, आणि खेडच्या घराला आपला आजा आपल्याच राज्यात, आपल्याच देशात सापडत नाही! जिनिव्हाच्या रेडक्रॉसने महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या २०१४ मध्येच खुल्या केल्या. पण तिथल्या यादीतले नाव आपल्याच माणसाचे का, हे ठरवायला पुन्हा पलटणीचा रोल लागतो. सगळे रस्ते फिरून तुमच्याच दारात येतात.

२०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचा इतिहास आणि त्याचे कागद पंचवीस वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले. ते वाचून मला बरे वाटले होते. पण त्यात विचार आहे तो युद्धाच्या डायऱ्यांचा, कारवायांच्या वह्यांचा. पलटण कुठे गेली ते त्यातून कळेल. कोण गेले आणि कोण परतले, ते शिपायांच्या रोलमधूनच कळते, आणि त्या रोलबद्दल धोरणात काही नाही.

तेव्हा मागण्या.

१९४७ पूर्वीच्या शिपायांचे कोणते रोल, रजिस्टरे आणि पेन्शनच्या वह्या कोणत्या कार्यालयात आहेत, याची यादी जाहीर करा. अपुरी असली तरी चालेल. जे नष्ट झाले, त्याचीही यादी त्याच कागदावर द्या.

ती यादी होईपर्यंत यातले एकही पान रद्दीत जाणार नाही, असा लेखी हुकूम काढा.

शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या नोंदीसाठी वारस दाखला मागणे बंद करा. नाव, नंबर, पलटण, गाव यांपैकी जे असेल त्यावर अर्ज घ्या.

जुन्या पलटणीचा नंबर, आजची बटालियन आणि कागदांचे ठिकाण असा एक तक्ता मराठीत करून जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावा. १११ वी महार त्यात हवीच.

रजिस्टरे स्कॅन करून गाव आणि तालुक्यानुसार शोधता येतील अशी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर चढवा. एकदम जमत नसेल तर रत्नागिरी आणि साताऱ्यापासून सुरुवात करा, मुंबई इलाख्यात भरती तिथेच मोठी होती. जिल्ह्यातल्या कागदांत मोडी लागेल. मोडी वाचणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, प्रमाणपत्रे घेऊन बसली आहेत, त्यांना मानधन देऊन काम द्या.

गावच्या पाट्यांची छायाचित्रांसह नोंद राज्याने करून घ्यावी. ग्रामसेवकाच्या मोबाइलवर होण्यासारखे काम आहे.

माझ्याकडचा तारा, त्यावरचा नंबर आणि थोरल्या भावांच्या नोंदीची प्रत या पत्राबरोबर पुन्हा जोडली आहे. दोघे सख्खे भाऊ एकाच पलटणीत होते, त्यामुळे वडिलांचे नाव आणि गाव एकच लागेल. कागद सापडला आणि त्यात पणजोबांच्या विरुद्ध काही लिहिलेले निघाले, तरी ते मला हवे आहे. मी ते थोरल्या घरात नेऊन वाचून दाखवीन.

उत्तर मराठीत आले तर उत्तम, इंग्रजीत आले तरी वाचता येईल. फक्त खाली सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा स्वच्छ अक्षरात असावा.

कळावे,

आपली,
११७ व्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाची पणती
माहेर : तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी